वाहन कशास म्हणावें?

वाहन हा शब्द वह् धातूपासून झाला आहे. वह् म्हणजे वाहून नेणें. झळकणें किंवा शेजाऱ्यास दिपविणें हे अर्थ त्या धातूस कोणत्याहि कोशांत दिलेले नाहींत. विवाह शब्दांतहि हाच धातु आहे. आणि पुढें ओझें किती वाहावें लागेल याचा हिशेब तेथेंहि बोहल्यावर कोणी करीत नाहीं! पण मोटार विकत घेणाऱ्यानें तो हिशेब आधीं केलाच पाहिजे, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

हें आज लिहिण्यास एक पत्र कारण झालें. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यांतील, संगमनेर तालुक्यांतून एका गृहस्थांनीं विचारलें आहे कीं, घरांतील सहा माणसांकरितां फिरतें घर, ज्यास सांप्रत कॅरव्हॅन किंवा मोटारहोम म्हणतात, घ्यावयाचें आहे. तर तें किती मोठें आणि किती शक्तीच्या इंजिनाचें घ्यावें? त्यांच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. एकवार काशीस जावें ही त्यांची इच्छा. परंतु गुडघ्यांमुळें धर्मशाळेचा जिना चढवत नाहीं, रात्रीं दोन-तीन वेळां उठावें लागतें, आणि वाटेवरील शौचगृहांच्या धास्तीनें त्या प्रवासांत दिवसभर पाणीच पीत नाहींत. हें शेवटचें वाक्य वाचून आम्हीं पत्र क्षणभर बाजूस ठेवलें. ज्या घरास म्हातारीच्या तहानेची एवढी काळजी आहे, त्याच्या खरेदीस चैन म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं.

दोन गाड्या त्यांच्या मनांत आहेत. एक बसच्या सांगाड्यावर बांधलेली, दहा मीटर लांबीची, गादीचे कोच, दूरदर्शनसंच आणि कपडे धुण्याच्या यंत्रासह. दुसरी सात मीटरांच्या आंतली, फोर्स कंपनीच्या ट्रॅव्हलर किंवा अर्बेनियासारख्या गाडीवर बांधलेली. विक्रेता पहिलीची अश्वशक्ति सांगतो, लांबी सांगतो. वजनाचें नांव काढीत नाहीं.

वजनाचें शास्त्र आपल्या जिल्ह्यांत शिकवावें लागूं नये. प्रवरानगरपासून तों थेट नेवाशापर्यंत साखर-कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी आधीं भरलेली चढते, मग रिकामी चढते. दोहोंतील अंतर तेवढा ऊस. फिरत्या घराचेंहि असेंच. कारखानदारानें ठरविलेलें कमाल एकूण वजन एक. आंत पलंग, कपाटें, ओटा, न्हाणी बसवून झाल्यावर काट्यावर भरणारें रिकामें वजन दुसरें. पहिल्यांतून दुसरें वजा केलें म्हणजे जें उरतें, तेवढेंच आपलें. गाडी जितकी सजवावी तितकी ही बाकी घटते.

उदाहरणच करून पाहूं. कमाल वजन ५,००० किलो; बांधून तयार झालेल्या गाडीचें रिकामें वजन ४,१०० किलो. बाकी ९०० किलो. सहा माणसें सरासरी ६५ किलोंचीं, म्हणजे ३९०. स्वच्छ पाणी २०० लिटर, म्हणजे २०० किलो. हें पाणी वापरलें तरी वजन लगेच कमी होत नाहीं, कारण त्यांतील बरेंचसें खालच्या सांडपाण्याच्या टाकींत जाऊन बसतें. अंथरूण-पांघरूण व कपडे माणशीं २० किलो धरले तर १२०. भांडीं, शिधा व गॅस ६०. जादा चाक व हत्यारें ५०. बेरीज ८२०, हातीं उरले ८० किलो. आतां वातानुकूलनासाठीं आणखी दोन शिशाच्या बॅटऱ्या घालूं म्हटलें, तर १५० अँपिअर-तासांची एकेक पन्नास किलोंच्या आसपास भरते. काशीहून परततांना गंगाजळाचे गडू ठेवावयास मग जागा मिळेल, पण त्यांचें वजन पेलण्याची सोय राहणार नाहीं.

वजन किती, याइतकेंच तें कोठें आहे हेंहि पाहावें. पाण्याची टाकी मागील चाकांच्याहि मागें टांगली कीं पुढील चाकें हलकीं होतात आणि सुकाणूची पकड सुटते. छतावर सामान चढविलें कीं वळणावर गाडी कलते. अर्धी भरलेली टाकी घाटांत हिंदकळते. तिच्यांत आडव्या पडद्या आहेत कीं नाहींत हें विचारण्यास संकोच करूं नये. टायरांवर भाराची मर्यादा छापलेली असते, तीहि वाचावी.

आतां इंजिन. अश्वशक्ति अधिक तितकी गाडी जोरकस, ही समजूत अपुरी आहे. ५,००० किलोंची गाडी पंधरास एक अशा चढावर ताशीं ३० किलोमीटर वेगानें न्यावयाची, तर नुसत्या चढास सुमारें ३७ आणि चाकांच्या घर्षणास सुमारें ८, अशी ४५ अश्वशक्ति चाकांशीं पोंचावी लागते. अर्बेनियाचें २.६ लिटरचें डिझेल इंजिन सुमारें ११५ अश्वशक्तीचें आहे. म्हणजे करंजीचा घाट असो कीं इमामपूरचा, शिल्लक भरपूर राहते. उलट, दहा टनांच्या गाडीस १५० अश्वशक्ति दिली तर टनामागें पंधराच पडतात, पहिलीस तेवीस पडतात. यास्तव आंकडा विचारावा तो टनामागचा. दुसरें असें कीं, चाक फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळाला पाहिजे. जें इंजिन किंचाळल्याखेरीज जोर देत नाहीं, तें ओझ्याच्या कामाचें नाहीं.

परंतु चढावर फसलेली गाडी फार तर थांबते. उतारावर फसलेली थांबत नाहीं. ५,००० किलोंचें ओझें पांचशें मीटर खालीं उतरलें, तर त्यांतून एवढी उष्णता निघते कीं पाऊणशें लिटर थंड पाणी उकळीस यावें. कल्याणच्या वाटेवरील माळशेजसारख्या घाटांत ही सारी उष्णता ब्रेकांवरच टाकली, तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरून धरतें. आणि भारी गाडी घेणें असेल तर एक्झॉस्ट ब्रेकची सोय अवश्य पाहावी.

कायद्याचेंहि एक वचन ध्यानांत असूं द्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेली गाडी हलकी; त्यापुढें साधा परवाना पुरत नाहीं. बसच्या सांगाड्यावरील घर बहुधा ही मर्यादा ओलांडतें. मग एक तर परवाना वाढवावा किंवा सारथि पोसावा. आणि सारथि आला म्हणजे सातवें माणूस, सातवें अंथरूण, आणि मातोश्रींस सातवा संकोच. मोटार-कॅरव्हॅनसाठीं ए.आय.एस. १२४ हें मानक आहे. गाडी त्याप्रमाणें मान्यता मिळविलेली आहे ना, हें कागदावर पाहावें. गांवच्या कारागिरानें बसमध्यें पलंग ठोकून दिले म्हणजे कॅरव्हॅन होत नाहीं.

तेव्हां आमचा कौल लहान गाडीस आहे; मात्र धुण्याचें यंत्र, मोठा कोच, दूरदर्शन हें सारें वगळून. वगळूं नये तें असें : उभें राहतां येईल एवढी उंची, हाताशीं धरण्यास दांडी असलेलें शौचगृह, तेथवर दोन पावलांत पोंचेल असा खालचा पलंग, आणि दाराशीं रुंद, बुटकी पायरी. पैसे मोजण्यापूर्वीं तशी गाडी चार दिवस भाड्यानें घेऊन भंडारदऱ्यास जाऊन यावें. राज्य शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण काढलें आहे, आणि भाड्यानें गाड्या देणारेहि आतां आढळतात. पाण्याची टाकी भरून, सहाहि माणसें व सामान घेऊन प्रथम काट्यावर जावें. पुढच्या व मागच्या चाकांचा भार निरनिराळा मोजून घ्यावा आणि ते दोन आंकडे कारखानदाराच्या आंकड्यांशीं ताडावे.

आणि बाकी थोडी पडली, तर काय उतरवावयाचें हें घरांतच ठरवावें. कोच उतरवावा, बॅटरी उतरवावी, हौसेची भांडीं उतरवावीं. पिण्याचें पाणी मात्र उतरवूं नये. म्हाताऱ्या माणसानें वाटेंत निर्धास्तपणें पेलाभर पाणी प्यावें एवढ्याकरितांच ही सारी खटपट आहे. तेवढें ज्यानें वाहून नेलें, तेंच खरें वाहन.