चिनी अक्षरांच्या गोड कथा

चिनी शिकविणारे एखादे लोकप्रिय पुस्तक उघडावे, तो पहिल्याच पानावर एक गोड कथा भेटते. झाडाआडून सूर्य डोकावतो, म्हणून ते अक्षर 'पूर्व'. नवशिका हरखून जातो. अशा कथा निरुपद्रवी असतात, हे मत मला मुळीच मान्य नाही.

माओ त्से-तुंग या नावातील 'तुंग' तो हाच 'पूर्व'. सूर्य-झाडाची व्युत्पत्ती शू शेन याच्या कोशात आहे. इ. स. १०० च्या सुमारास त्याने ९३५३ अक्षरांची छाननी केली. त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु शांगकालीन अस्थिलेखांची ओळख पटली ती १८९९ साली. त्या लेखांत हे अक्षर दोन्ही तोंडे बांधलेल्या पोत्यासारखे दिसते, असे बहुतेक पुरालिपिज्ञ मानतात. दिशेचे चित्र काढता येईना, म्हणून समान उच्चाराची खूण उसनी घेतली. आपण हाताचे चित्र काढून 'कर' वाचावे आणि अर्थ मात्र सरकारी कराचा घ्यावा, तशातलाच हा प्रकार!

सूर्य, चंद्र, पर्वत ही अक्षरे मुळात चित्रे होती, हे खरे. पण बहुसंख्य अक्षरांचा एक भाग अर्थ सुचवितो आणि दुसरा उच्चार. 'छिंग' या खुणेला पाणी जोडले की 'स्वच्छ', वाणी जोडली की 'विनंती', हृदय जोडले की 'भावना', सूर्य जोडला की 'निरभ्र'. सूर भिन्न, उच्चार तोच. ही किल्ली हाती न देता कथा सांगत बसणे म्हणजे विद्यार्थ्याला दारातच ताटकळत ठेवणे होय.

कथेने स्मरणास साहाय्य होते, असा बचाव केला जातो. पन्नास अक्षरांपुरते होईलही. पण चीनमध्ये १९८८ साली जाहीर झालेल्या नित्य अक्षरांच्या यादीत ३५०० अक्षरे आहेत. तितक्या कथा कोण रचणार, आणि कोण लक्षात ठेवणार? शिवाय स्मरणाची युक्ती इतिहास म्हणून खपविली, की ती पुढे व्यासपीठावर चढते. चिनी भाषेत 'संकट' म्हणजे धोका अधिक संधी, असे केनेडींनी १९५९ साली भाषणात सांगितले. वस्तुतः त्यातील दुसऱ्या अक्षराचा तेथील अर्थ 'निर्णायक क्षण' असा आहे. संधीचे आश्वासन त्यात नाही. आपल्याकडेही 'हिंस्' धातूची अक्षरे उलटवून 'सिंह' साधणारे वैयाकरण होऊन गेलेच. पण त्या बळावर कोणी संस्कृत शिकवीत नाही.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणांस परक्या लिपीपुढे बसण्याचा प्रसंग नवा नाही. बंगाली वा तमिळ अक्षरे आपण ध्वनीच्या खुणा म्हणूनच शिकतो. त्यांत कोणी त्या लोकांचे तत्त्वज्ञान शोधीत नाही. चिनी माणूसही बोलतो आणि बोललेले लिहितो. त्याला चित्रांत विचार करणारा अद्भुत प्राणी ठरविणे हे कौतुक नव्हे; ती अवहेलनाच आहे. पुस्तककारांनी उच्चारदर्शक भाग आधी शिकवावा, आणि कथा सांगावयाचीच झाली तर ती कथा आहे एवढे तरी प्रामाणिकपणे छापावे.