यादी, कोश आणि हरवलेलें नांव

संगणकाकडून काम करवून घेण्याच्या ज्या भाषा आज प्रचारांत आहेत, त्यांपैकीं पायथन ही भाषा शिकण्यास सुलभ म्हणून विद्यार्थिवर्गांत विशेष प्रिय झाली आहे. हॉलंडमधील गिडो व्हान रोसम यांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. नांव अजगराचें वाटलें, तरी तें एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलें आहे. थोडक्या शब्दांत पुष्कळ काम करणाऱ्या या भाषेंतील युक्त्या विद्यार्थी एकमेकांस मोठ्या हौसेनें सांगतात. त्या हौसेचें आम्हांस कौतुकच आहे. तथापि युक्ति आंतून काय करते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें ती दुसऱ्यांच्या नांवांवर व गुणांवर चालवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पायथनमध्यें संग्रहाचीं दोन मुख्य साधनें आहेत: एक लिस्ट, म्हणजे यादी, दुसरें डिक्शनरी, म्हणजे कोश. यादीचा प्राण क्रम हा होय. आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्या गांवावरून जाते. पंढरपुरापूर्वीचे तिचे शेवटचे पांच मुक्काम असे: नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. पायथनची मोजणी शून्यापासून होते. म्हणून या यादींत नातेपुत्याचा क्रमांक शून्य व माळशिरसचा एक. उणे एक हा क्रमांक दिला, तर शेवटची वाखरी हातीं येते. एकंदर नांवें मोजण्याचें कारण पडत नाहीं. एकपासून तीनपर्यंतचा तुकडा मागितला, तर माळशिरस व वेळापूर हीं दोनच नांवें मिळतात, कारण शेवटचा क्रमांक तुकड्यांत धरीत नाहींत.

आतां हींच नांवें अकारविल्हे हवीं आहेत असें समजूं. 'सॉर्टेड' ही आज्ञा केली, तर नवी यादी मिळते व जुनी अबाधित राहते. परंतु मूळ यादीसच 'सॉर्ट' ही आज्ञा केली, तर तिचाच क्रम बदलतो. वाखरी वेळापूरच्या आधीं येऊन बसते आणि वारीचा मार्ग नाहींसा होतो. तसेंच, एका यादीस दुसरें नांव दिल्यानें तिची प्रत होत नाहीं. दोन्ही नांवें एकाच यादीचीं असल्यामुळें एकींत केलेला फेरफार दुसरींतही दिसतो. निराळी प्रत हवी असल्यास 'कॉपी' असें स्पष्ट सांगावें लागतें.

कोशाची रीत वेगळी. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशांत आपण जसा शब्द धरून अर्थ पाहतों, तशी येथें किल्ली देऊन तिच्याशीं जोडलेली वस्तु मागावयाची. सर्व नोंदी चाळाव्या लागत नाहींत, म्हणून हजारों नोंदींतूनही उत्तर तत्काळ मिळतें. नसलेली किल्ली चौकटी कंसांत मागितली, तर काम तेथेंच अडतें. 'गेट' या आज्ञेनें मागितली, तर 'नोंद नाहीं' असें आपण ठरवून दिलेलें उत्तर येतें. परंतु कोशांत एक किल्ली एकदांच असूं शकते. आडनांवांस किल्ली केलें आणि वर्गांत दोन माने असले, तर दुसऱ्याचे गुण पहिल्याच्या गुणांवर बसतात. यंत्र कसलीही तक्रार करीत नाहीं, आणि एक विद्यार्थी निमूटपणें नाहींसा होतो! यादींतील पुनरुक्ति क्रम राखून काढण्याची 'फ्रॉमकीज' ही युक्तीही अशीच आहे. ती गांवांच्या यादीस उत्तम, पण माणसांच्या यादीस घातक. माणसांसाठीं किल्ली म्हणून हजेरीचा क्रमांकच घ्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या मायबोलीची. २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमधील यादीस वा कोशास देवनागरींतही नांव देतां येतें. परंतु मराठी शब्द क्रमानें लावतांना ती आपली वर्णमाला पाहत नाहीं. युनिकोड या संकेतांत प्रत्येक चिन्हास दिलेला अंक पाहते. त्या संकेतांत ळ हा ल व व यांच्या मध्यें आहे. आपण तो ह नंतर म्हणतों. म्हणून यंत्राच्या यादींत काळे हे काशीद व कासार यांच्या आधीं येतात. 'लेन' या आज्ञेनें माळशिरस या शब्दाची लांबी विचारावी, तर उत्तर सात येतें, कारण काना व वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. आपलीं अक्षरें मात्र पांचच. वर्णांची व स्वरचिन्हांची यादी आपल्या क्रमानें स्वतः लिहून, त्याप्रमाणें नांवें लावावीं अशी सूचना 'सॉर्टेड'ला देतां येते. पण ज्यास वर्णमाला मुखोद्गत नाहीं, त्यास काळे चुकीच्या जागीं बसले हें कळणार तरी कसें?

कोणी म्हणेल, शंभर नांवांत एखादें मागेंपुढें झालें वा गळलें, तर एवढें काय बिघडलें? ज्याचें नांव गळलें त्याच्या घरीं जाऊन हा प्रश्न विचारावा. शिष्यवृत्तीच्या यादींत मुलाचें नांव शोधणाऱ्या पालकास उरलेल्या नव्याण्णव नांवांचें समाधान मानतां येत नाहीं. शुभवर्तमानांतील मेंढपाळाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. शंभरांतील एक मेंढरूं हरवलें हें त्यास कळलें, म्हणूनच तो त्याच्या शोधास निघूं शकला.

यास्तव विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, कोणतीही युक्ति चालविण्यापूर्वीं व चालविल्यानंतर 'लेन'नें नांवांची संख्या घ्यावी. आंकडे जुळले नाहींत, तर पुढें जाऊं नये. आंकडे जुळले, तरीही दहा-पांच नांवें डोळ्यांनीं पडताळावीं. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलास किती युक्त्या येतात हें विचारण्यापेक्षां, त्यांपैकीं एक कशी चालते व कोठें फसते, हें त्याच्या तोंडून ऐकावें. ज्यास तें सांगतां आलें, त्याच्या हातीं गांवाची यादी देण्यास हरकत नाहीं.