ड्रोनची उंची कुठून मोजायची?

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची घाई सुरू होते. पाठीवर पंप घेऊन रोजाने जाणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यांतलीही माणसे असतात. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती आणि औषधाचे तुषार थेट नाकातोंडात जात होते. म्हणून शेतावर ड्रोन फिरताना दिसू लागले तेव्हा आम्हाला बरेच वाटले.

आता दहावी-बारावी झालेली मुले विचारतात, "सर, ड्रोन चालवायला शिकू का?" त्यांचे वालिद विचारतात, "यात हलाल रोजी आहे ना, की पोलिसांचे लफडे मागे लागेल?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुले हुशार आहेत, मशीन त्यांच्या हाताला लवकर बसते. अडतात ती शब्दांपाशी. तेव्हा या महिन्यात त्या शब्दांविषयीच बोलू.

पहिला शब्द उंची. नियम सांगतो की हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत ड्रोन उडवता येतो. पण १२० मीटर कुठून? विमानवाल्यांच्या भाषेत उंची दोन तऱ्हांनी सांगतात. एक समुद्रसपाटीपासून, तिला 'एएमएसएल' म्हणतात. दुसरी खालच्या जमिनीपासून, ती 'एजीएल'. यवतमाळ शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. पहिल्या मापाने धरले तर आपण अंगणात उभे राहूनच नियम मोडला असे होईल! ड्रोनसाठी जमिनीपासूनची उंची पाहायची.

इथे एक मेख आहे. रिमोटच्या स्क्रीनवर साधारणपणे दिसते ती उडवलेल्या जागेपासूनची उंची. टेकडीवर उभे राहून ड्रोन ८० मीटर वर नेला आणि तसाच दरीवर सरकवला, दरी ५० मीटर खोल असली, तर स्क्रीन ८० च दाखवेल. खालच्या जमिनीपासून मात्र तो १३० मीटरवर गेलेला असेल. आपला भाग चढ-उताराचा, म्हणून हे गणित मुलांकडून वहीवर करून घ्यावे.

दुसरा शब्द झोन. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले आणि पुढच्याच महिन्यात देशाचा हवाई नकाशा तीन रंगांत प्रसिद्ध झाला. तो 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. हिरव्या क्षेत्रात वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, म्हणजे एटीसीची परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवे आणि त्यावर पिवळे. अर्थात एकाच शेतावर खाली हिरवे आणि वर पिवळे असू शकते. क्षेत्र जमिनीच्या तुकड्याचे नसते, हवेच्या थराचे असते, एवढे समजले की नकाशा कळतो.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. त्या बाजूला काम घेणाऱ्यांनी नकाशा पुन्हा पाहावा. यवतमाळजवळ भारी येथेही विमानतळ आहे. 'तिथे कुठे विमान येते' असे म्हणून अंदाजाने ठरवू नये. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याकडे जायचे तर वनखात्याला आधी विचारावे.

तिसरी गोष्ट शहरातल्यांच्या अधिक कामाची. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा परिसर तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. असा आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा असावा लागतो आणि एका वेळी तो ९६ तासांपेक्षा जास्त चालत नाही. मोठा जुलूस, सण, मंत्र्यांचा दौरा अशा वेळी तो निघू शकतो. म्हणजे गेल्या ईदला ईदगाहवर ड्रोनने चित्रीकरण झाले म्हणून यंदाही चालेल, असे नाही. आदल्या दिवशी नकाशा पाहून ठाण्यातही विचारून यावे. फेरी पडते खरी, पण पोरगा निर्धास्त काम करतो.

आता कागदपत्रे. ड्रोनचा वर्ग वजनावरून ठरतो: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. वजन धरायचे ते बॅटरी आणि भरलेल्या टाकीसकट. दहा लिटरची टाकी असलेला फवारणीचा ड्रोन म्हणूनच सहसा स्मॉलमध्ये येतो. मायक्रो ड्रोन हौसेने उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण वलीम्याचे चित्रीकरण पैसे घेऊन केले की ती हौस राहिली नाही, धंदा झाला, आणि प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण लागते. शुल्क हजारांत असते, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहावे. जाहिरातीतल्या शिक्क्यावर जाऊ नये. ड्रोनला गाडीच्या नंबरसारखा 'यूआयएन' क्रमांकही लागतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणण्यावर बंदी आहे, म्हणून 'बाहेरून आलाय, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या मशीनला हा क्रमांक मिळणे कठीण. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वस्ताईचा हिशेब तिथेच संपतो.

एक शब्द मात्र आम्हाला शिकवायला फार आवडतो: ॲझिमथ. उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला दिशेचा कोन. पूर्व ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. यवतमाळहून किब्ला थेट पश्चिमेला नाही, किंचित उत्तरेकडे, सुमारे २७९ अंशांवर येतो. हे सांगितले की वर्ग एकदम जागा होतो. हा शब्द मूळ अरबी 'अस्-सुमूत'वरून, म्हणजे दिशा, युरोपात गेला. घरात 'सम्त' बोलणाऱ्या मुलाने ॲझिमथला घाबरायचे कारण नाही.

परत शेतावर येऊ. ड्रोन आला म्हणजे विष गेले, हे आम्हाला पटत नाही. ड्रोन एकरी साधारण दहाच लिटर पाणी वापरतो. पंपाला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतले द्रावण अधिक तीव्र असते, आणि ते कालवणारा माणूस पूर्वीइतकाच, कधी जास्तच, जवळ असतो. हातमोजे, मास्क, चष्मा त्याच्यासाठी आहेत. चालवणाऱ्याने वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहावे. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी काम घेऊ नये, कारण तुषार शेजारच्या विहिरीवर आणि जनावरांच्या चाऱ्यावर जातात. मालक कितीही घाई करो, आज वारा आहे हे त्याला सांगायचे काम पायलटचेच आहे.