डिस्क थकली, शिक्षा सगळ्या संगणकाला

“फार जुना झालाय, आता नवीनच घ्या.” हे वाक्य मी कितीतरी दुकानांत ऐकलं आहे आणि सांगणाऱ्याने बहुतेक वेळा यंत्राचे स्क्रूही काढलेले नसतात. न तपासता दिलेला असा सल्ला ही गिऱ्हाइकाची सरळ लूट आहे. दहा वर्षांपूर्वीचा चालू संगणक आजही पत्रं टाइप करू शकतो, हिशेब ठेवू शकतो, मुलांचे ऑनलाइन वर्ग दाखवू शकतो. बहुधा त्याचा एकच भाग थकलेला असतो : हार्ड डिस्क.

जुन्या लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवी ती माहिती हेडखाली यायला दर खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा विखुरलेल्या हजारो तुकड्यांची मागणी होते आणि तोवर प्रोसेसर नुसता ताटकळतो. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात दहा-वीस दिसत असतील, तर दुखणं कुठे आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

उपाय सोपा आहे : हार्ड डिस्कच्या जागी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हा खोळंबा मिलिसेकंदाच्या अंशावर येतो. त्यावरही दुकानदाराचं उत्तर तयार असतं : “तुमचा बोर्ड साटा-२ (डिस्क जोडणीचा जुना प्रकार) आहे, फरक पडणार नाही.” हे धादांत खोटं आहे. साटा-२ वर मोठी फाइल कॉपी करताना वेग निम्म्यावर येईल, पण रोजच्या कामात जाणवतो तो खोळंबा तिथेही संपतो. रॅम चार जीबी असेल आणि रिकामा स्लॉट असेल, तर त्याच प्रकारची सेकंडहँड रॅम घाला. पुष्कळ यंत्रांना एवढं पुरतं.

काढलेली डिस्क मात्र दुकानात ठेवून येऊ नका. डिलीट केलेल्या फाइली तबकडीवर बऱ्याचदा तशाच असतात आणि पुन्हा वर काढता येतात. ‘एक्स्चेंज’च्या चार पैशांसाठी तुम्ही आधार कार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रं आणि घरचे फोटो परक्याच्या हातात देता. आधी डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल बघा, मोफत साधनांत तो दिसतो. खराब सेक्टर वाढत असतील तर तिच्यावर विसंबू नका. ती धड असेल तर लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) बसवा. कॅडी ९.५ मिलिमीटरची लागते की १२.७, ते आधी मोजा. नाहीतर यूएसबी केसिंगमध्ये घालून तिच्यावर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवा. अडीच इंची डिस्क सहसा यूएसबीच्याच विजेवर चालते, साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो.

दुकानदारापेक्षा मोठे गुन्हेगार वर बसले आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल हवं आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. म्हणजे उत्तम चालणारी असंख्य यंत्रं एका यादीने बाद ठरवली. अ‍ॅपलने २०१६ मध्ये टच बारच्या मॅकबुक प्रोत स्टोरेज बोर्डावरच झाळून टाकलं. तिथे डिस्क बदलण्याचा प्रश्नच संपला. यंत्र दुरुस्त होऊ नये अशी ही रचना आहे, आणि तिची किंमत गिऱ्हाईक भरतं.

बाद ठरवलेल्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट फुकट चालतं आणि त्यावर मराठी टाइपही होतं. एखादं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नसेल, तर ती अडचण खरी आहे. पण ब्राउझर आणि पत्रं टाइप करणं एवढंच लागणाऱ्याला ती लागू नाही.

सरकारनेही पाठ थोपटून घेऊ नये. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचा मुख्य भर कंपन्यांच्या पुनर्चक्रणाच्या उद्दिष्टांवर आहे. यंत्र मोडून धातू काढण्यापेक्षा ते आणखी पाच वर्षं चालवणं केव्हाही शहाणपणाचं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीक्षमतेचे गुण दाखवावे लागतात. आपल्याकडेही खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा : डिस्क बदलता येते की नाही, रॅम वाढवता येते की नाही.

शाळा, ग्रंथालयं आणि पतसंस्थांना माझी मागणी आहे : डिस्क बदलून पाहिल्याशिवाय एकाही संगणकाचं निर्लेखन करू नका. आणि घरी संथ संगणक असणाऱ्यांनो, पुढच्या वेळी कुणी “नवीनच घ्या” म्हणालं, तर आधी यंत्र तुमच्यासमोर उघडायला सांगा. जो उघडत नाही, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.