‘कंपनी’ म्हणजे कोण?

गिरणीकामगार बंधू-भगिनींनो,

पाळी सुटल्यावर आपल्या तोंडी एकच शब्द असतो: कंपनी. “कंपनी बोनस देत न्हाई.” “कंपनी तोट्यात हाय.” अरे, पण ही कंपनी कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का? ती कधी चाळीच्या नळावर रांगेत उभी राहिली का?

या शब्दाशी मुंबईची ओळख जुनी आहे. इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण मिळालेली मुंबई त्याने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. इथल्या कोळ्या-भंडाऱ्यांना कुणी विचारले नाही. तागडी घेऊन आलेली कंपनी पुढे ‘कंपनी सरकार’ होऊन बसली!

१८५७ साली कायदा झाला आणि कंपनीच्या नावाला ‘लिमिटेड’चे शेपूट लागले. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. धंदा बुडाला तर भागीदाराचे नुकसान त्याने घेतलेल्या भागापुरतेच. त्याच्या बंगल्याला हात लावायचा नाही. नफ्याला मात्र लिमिट नाही! आणि आपलं? गिरणी बंद पडली की खोलीचं भाडं थकतं, पोराची शाळा सुटते, बायकोचं मंगळसूत्र गहाण पडतं. आपला तोटा अनलिमिटेड!

भाषावार राज्यांचा प्रश्न निघाला तेव्हा बडे भांडवलदार म्हणाले, मुंबई आमच्या पैशाने वाढली, ती महाराष्ट्राला देऊ नका. पैसा कंपनीचा, मग घाम कुणाचा? रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या माणसांनी साचे चालवले, म्हणून तो पैसा झाला. शंभरावर हुतात्म्यांनी रक्त सांडले, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला.

राज्य मिळाले, पण शब्दाचा बुरखा तसाच राहिला. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. कारण काय, तर “कंपनी तोट्यात”. मग त्याच जमिनीवर मॉल आणि टॉवर कुठून उभे राहिले? तोटा कंपनीच्या नावावर, जमिनीचं सोनं कुणाच्या खिशात?

म्हणून सांगतो, तोट्याच्या वेळी पुढे येते ती कंपनी, आणि नफ्याच्या वेळी पुढे येतो तो मालक. यापुढे कुणी “कंपनीचं म्हणणं असं हाय” म्हणाला, तर गेटसभेतच विचारा: कंपनी म्हणजे कोण? माणसाचं नाव सांग! नाव कळल्याबिगर जाब कुणाला विचारणार?

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!