गंजलेली चक्रे

२०१६ साली प्रथम आलेल्या ‘व्हिंटेज स्टोरी’ ह्या खेळात नाण्यांऐवजी गंजलेली दातेरी चक्रे चालतात. बुडालेल्या यंत्रयुगाचे भंगार हाच व्यापाऱ्यांचा पैसा! तिथल्या भग्नावशेषांत आम्ही शिरलो ते इतिहास वाचण्यासाठी. दुसऱ्याच दिवशी मडकी फोडून विकाऊ माल धुंडाळू लागलो आणि भिंतींकडे पाहणे राहून गेले. (संहितांशीही आम्ही पुष्कळदा असेच वागतो.) खडकांपुढे ही घाई चालत नाही. बेसाल्ट ठोकून पाते निघते, चुनखडीतून निघत नाही. जमिनीवर विखुरलेले तांब्याचे तुकडे खालच्या खनिजाची खूण सांगतात. म्हणून ह्या खेळातले खरे वाचन आमच्या मते अवशेषांपेक्षा खडकांतच घडते. अवशेषांत आम्ही अजून गिऱ्हाईक म्हणूनच जातो.