घोकलेले भाषण आणि कमावलेली वाणी

आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत ‘सन्माननीय व्यासपीठ’ या संबोधनाने आरंभ होणारे, गुरुजींनी लिहून दिलेले आणि विद्यार्थ्याने घोकून कंठस्थ केलेले जे भाषण ऐकावयास मिळते, त्याला पाठांतराचे श्रेय अवश्य द्यावे. परंतु ज्याच्या उच्चारात घरची बोली डोकावते त्याचे गुण जोवर कापले जातात आणि ज्याची जीभ अडखळते तो जोवर पुढल्या वर्षी नावच देत नाही, तोवर त्यास सार्वजनिक वाणीचे शिक्षण म्हणण्यास मी तयार नाही.

याहून श्रेष्ठ पाठ याच भागाने पूर्वी गिरवला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत पुनर्वसनाचे जे काम शासनाने हाती घेतले, त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या, आणि चावडीवर तोंड उघडण्याची ज्यांना कधी मुभा नव्हती त्या अभियंत्याला बांधकामाचा आणि अंमलदाराला अनुदानाचा जाब विचारू लागल्या. त्यांना कोणी भाषण लिहून दिले नव्हते. अनुदान कसे मिळते, भिंत टिकाऊ कशी होते, हे शेजारणीला समजावण्याच्या निकडीतून त्यांची वाणी घडली.

पंचायतीतील निम्म्या जागा आज स्त्रियांसाठी राखीव आहेत, ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तरीही सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलतात, हे दृश्य दुर्मीळ नाही. म्हणून वक्त्याइतकेच सभेलाही शिकवले पाहिजे: मागून आलेला प्रश्न अध्यक्षाने मोठ्याने पुन्हा सांगावा, ओठांवरून बोलणे समजून घेणाऱ्या बधिर श्रोत्याकडे तोंड करून बोलावे, पडद्यावरील मजकूर अंध सदस्यासाठी वाचून दाखवावा, आणि अडखळणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने कदापि पुरे करू नये.

मोबाइलवरील बैठकीत तर उपेक्षा डोळ्यांना दिसतही नाही. घरात मोबाइल एक, तोही धन्याच्या खिशात. बचत गटाच्या सचिवबाई त्याच्या सवडीने बैठकीत येतात आणि रेंज गेली की त्यांचे म्हणणे इतिवृत्तातून गळते. अशा सदस्येने आदल्या दिवशी पाठवलेला ध्वनिसंदेश बैठकीत ऐकवून तिच्या नावे इतिवृत्तात नोंदवावा, असा हुकूम जिल्हा परिषदेने काढावा. आणि या शिक्षणासाठी त्या वेळच्या संवाद सहायकांपैकी ज्या आज गावात आहेत, त्यांनाच मानधन देऊन शिक्षिका म्हणून नेमावे.